वजनाचं ऑपरेशन झालं, आता पोट कसं सांभाळायचं? बेळगाव भागातल्या नव्या पेशंटसाठी

ऑपरेशन कोल्हापूर, पुणे नाहीतर हुबळीला होतं आणि उलटी रात्री दहाला खानापूरच्या घरात होते. आपल्या भागातल्या पेशंटची खरी अडचण ही. ऑपरेशन बेळगावातच झालं असलं तरी अथणीहून निघून बेळगाव गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून कुठला त्रास घरच्या घरी निस्तरायचा, कुठल्यासाठी सकाळी फोन करायचा आणि कुठल्यासाठी त्याच घटकेला गाडी काढायची, हे घरातल्या निदान दोघांना पाठ पाहिजे. एकट्या पेशंटला माहीत असून भागत नाही. त्यालाच चक्कर आली तर सांगणार कोण?

मी आहाराचं बघते, सर्जन नाही. तुमच्या सर्जनने दिलेला कागद आणि हा लेख यांत कुठे फरक पडला तर तो कागद खरा धरायचा.

1. ऑपरेशनचं नाव माहीत करून घ्या

"पोट लहान केलंय" एवढंच पुष्कळांना सांगता येतं. तेवढ्याने चालत नाही, कारण ऑपरेशनप्रमाणे त्रास बदलतात. डिस्चार्ज कार्डावरचं नाव वाचून घ्या.

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्यांना हात लावत नाहीत. यात ॲसिडिटी आणि जळजळ जास्त. बायपासमध्ये वरच्या बाजूला साधारण 30 मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा टाळून पुढे जातं. यात डम्पिंग (गोड भराभर आतड्यात उतरून होणारा त्रास), जोडाजवळचा अल्सर आणि व्हिटॅमिनची कमतरता जास्त. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो. त्यात पातळ, तेलकट शौच आणि पित्त वर येणं हे त्रास दिसतात.

2. ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

हा भाग शेवटी टाकायची पद्धत आहे. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? म्हणून इथेच.

- पहिल्या काही आठवड्यांत नाडी मिनिटाला 120 च्या वर राहणं, धाप, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ. टाके घातलेल्या जागेतून गळती होत असेल तर असं होतं. ताप नसला म्हणून निर्धास्त राहू नका. नुसती धडधडसुद्धा पुरेशी आहे.
- एका पायाची पोटरी सुजून दुखणं, किंवा अचानक श्वास लागून छातीत दुखणं. ही रक्ताच्या गुठळीची शक्यता.
- दिवसभरात पाणीसुद्धा पोटात न टिकणं. स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर दिवसभर वाट बघायची नाही.
- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच. आयर्नच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतोच, त्याने घाबरू नका. पण चिकटपणा, वास आणि सोबत चक्कर असेल तर रक्तस्राव समजायचा.
- बायपास झालेल्यांना महिन्यांनी, कधी वर्षांनी, अचानक पोटात पिळवटून येणारी कळ. आत आतडं फटीत अडकलेलं असू शकतं. इथे ओवा, सोडा आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन रात्र काढणं जिवावर बेतू शकतं.
- बरेच दिवस उलट्या होऊन नंतर एकाचं दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं. हे बी-1 म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण आहे. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होते.

108 नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. निपाणीकरांनी कोल्हापूर जवळ की बेळगाव, हा वाद त्या रात्री घालू नये. कुठे सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही मिळतात, ते आजच ठरवून ठेवा.

3. पाकिटात एक कार्ड ठेवा

या लेखातलं एकच काम करायचं झालं तर हे करा.

गावातल्या दवाखान्यात गुडघा दुखतोय, अंग मोडून आलंय म्हटलं की बऱ्याचदा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं. एरवी त्यात काही वावगं नाही. बायपास झालेल्या माणसाला मात्र या जातीच्या वेदनाशामकांनी, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, नेप्रोक्सेन, यांनी जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांनीही ती टाळलेलीच बरी. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट सलाईनची. उलट्यांनी गळून गेलेल्या पेशंटला ग्लुकोजचं सलाईन लावलं की अंगात उरलंसुरलं थायमिन त्या ग्लुकोजला खपतं. म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. रात्रपाळीच्या डॉक्टरला तुमचं ऑपरेशन झालंय हेच माहीत नसेल तर हे त्याच्या लक्षात यावं कसं? पोटावरच्या दुर्बिणीच्या चार-पाच खुणा बघून कोणी पित्ताशयाचं ऑपरेशनही समजेल.

म्हणून कार्डावर हे लिहा: ऑपरेशनचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन, "डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं देऊ नयेत", "उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन द्यावं", "नाकातून नळी घालायची झाल्यास सर्जनला विचारून", चालू औषधं. डॉक्टरांसाठी इंग्रजीत लिहून घ्या आणि खाली वेदनाशामकांची ओळ कन्नडमध्येही लिहा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरना मराठी येईलच असं नाही. शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलंत तरी चालेल. एक प्रत मोबाईलमध्ये फोटो काढून, एक घरच्या फ्रीजवर.

4. पहिले सहा आठवडे: घोट, मग घोटलेलं, मग मऊ

साधारणपणे पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पदार्थ, मग दोन आठवडे पातळ पण पौष्टिक, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि मग रोजचं जेवण. डॉक्टरगणिक यात थोडा फरक असतो. पायरी गाळू नका. आतले टाके अजून ओले असतात.

सगळ्यात अवघड जातं ते पाणी. दिवसाला दीड ते दोन लिटर हवं आणि एका वेळी घोटभरच जातं. तांब्या तोंडाला लावायची सवय मोडावी लागते. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मोजमापाचं टोपण घ्या. दोन-तीन टोपणं पाणी, हळूहळू, मग पाव तास थांबा, पुन्हा तेवढंच. दिवसभर हे चालू ठेवलं की दीड लिटर बरोबर होतं. मोबाईलवर गजर लावा. गार पाणी सोसत नसेल तर कोमट घ्या, कोमट नको वाटत असेल तर गार. दोन्ही चालतं. जोरात ओढून पिऊ नका, स्ट्रॉ नको, सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच. हवा पोटात जाऊन कळ येते. लघवी गडद पिवळी आणि थोडी झाली की पाणी कमी पडतंय.

आणखी एक गैरसमज. "डाळीचं पाणी देतोय की, ताकद येईल!" वरच्या निवळीत प्रोटीन नावालाच असतं. मुगाची डाळ पूर्ण शिजवून, घोटून, चाळणीतून गाळून पातळ करा. अळणी चिकन सूप चालतं, वरची चरबी काढून टाका, पण तेही मुख्यतः पाणीच आहे हे लक्षात ठेवा. पांढरा रस्सा नको, त्यातलं नारळाचं दूध आणि तेल सोसत नाही. तांबड्याचं तर नावही काढू नका. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं, ते सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रोटीन पावडरीशिवाय भरत नाही. पुढे अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, असा हिशेब घरच्या घरी करता येतो. खानापूरकडे कुळीथ घरोघरी असतो. त्याचं गाळलेलं कढण चांगलं, पण महिनाभर तरी थांबा. गॅस करतं.

चहा? थोडा, बिनसाखरेचा, काही आठवड्यांनी. आयर्नच्या गोळीच्या मागेपुढे तासभर नाही.

5. घास अडकतो तेव्हा

सहा आठवडे झाले, भाकरी सुरू झाली, आणि एक दिवस दुसऱ्या-तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दाटून येतं. तोंडाला फेसाळ लाळ सुटते, बसवत नाही, उठवत नाही. शेवटी थोडं फेसासारखं बाहेर पडतं आणि मोकळं वाटतं. नव्या पेशंटला वाटतं, टाके तुटले. बहुतेक वेळा तसं नसतं. घास मोठा होता, किंवा नीट चावला नव्हता, किंवा भर भर जेवण चाललं होतं.

त्या वेळी जेवण तिथेच थांबवा. वरून पाणी ओतून ढकलायला जाऊ नका, नळी बंद असताना पाणी वरच साठतं. उभे राहा, अंगणात हळू फिरा. तास-दोन तासांत उतरतं. त्या दिवशी पुढचं जेवण पातळ ठेवा. हेच रोज होऊ लागलं, किंवा आधी उतरणारे पदार्थही अडायला लागले, तर जोडाची जागा आकसली असू शकते. ऑपरेशननंतर एक ते तीन महिन्यांत हे जास्त दिसतं, आणि दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते. "सवय होईल" म्हणत थांबू नका.

आता भाकरीचं. मऊ, लुसलुशीत चपाती आणि ताजा पाव यांचा चावूनही पोटात पिठाचा गोळा होतो, म्हणून तेच जास्त अडकतात. उलट आपल्याकडची कडक ज्वारीची भाकरी, ती पापडासारखी वाळवलेली, पुष्कळांना बरी पडते: चुरून घट्ट डाळीत पाच मिनिटं भिजवायची आणि चमच्याने खायची. भात मोकळा असेल तर एक-दोन चमचे. गिचका भात आणि पोहे फुगतात. चिकन कोरडं असलं की दोरीसारखं होतं, खिमा किंवा रश्श्यात मऊ शिजवलेलं बरं. मेथी-पालकाचे देठ, संत्र्याच्या फोडीवरची साल, शेवग्याची शेंग चोखता चोखता गिळलेले धागे, हे सुरुवातीला नकोतच.

ताटाची मांडणीही उलटी करावी लागते. आपल्या ताटात भाकरी किंवा भात मुख्य आणि बाकी तोंडी लावायला. तुम्ही आधी अंडं, डाळ, पनीर, मासा खायचा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा कोर. बहुतेक दिवशी उरत नाही. लहान चमचा, घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, सगळं जेवण वीस ते तीस मिनिटांत. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. काहींना पोट भरल्याची पहिली खूण उचकी असते, काहींचं नाक वाहायला लागतं. तुमची खूण कोणती ते ओळखा आणि ती आली की चमचा खाली ठेवा. ताटात दोन घास राहिले म्हणून टाकवत नाही, ही आपली मोठी खोड आहे. वाढतानाच कमी वाढून घ्या.

महिन्यांनंतर अचानक सकाळच्या उलट्या सुरू झाल्या तर बायकांनी गर्भाची तपासणीही करून घ्यावी. वजन उतरल्यावर बंद झालेली पाळी परत येते आणि दिवस राहू शकतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष मात्र गर्भ टाळायला सांगतात.

6. डम्पिंग: कुंदा, करदंट आणि उसाचा रस

गोड पदार्थ भराभर लहान आतड्यात उतरला की त्याला पातळ करायला आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं. दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, धडधड, दरदरून घाम, जुलाब, आणि आडवं व्हावंसं वाटणं. हे लवकरचं डम्पिंग. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर रक्तात एकदम चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि मग साखर घसरते. हातपाय थरथरतात, कडकडून भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा दुसरा प्रकार ऑपरेशननंतर वर्षभराने, सगळं सुरळीत झालंय असं वाटत असताना सुरू होऊ शकतो, त्यामुळे कोणाला संशयच येत नाही. बायपासवाल्यांना दोन्ही जास्त, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं.

आता आपल्या भागात गोड टाळायचं म्हणजे काय ते बघा. बेळगावचा कुंदा आटवलेलं दूध आणि साखरेचा, गोकाकचं करदंट गुळाचं, लग्नात मांडे. हंगामात चिकोडी-हुक्केरी-निपाणीकडे गुऱ्हाळावर गेलं की गरम गूळ हातावर ठेवतातच, आणि काकवीची वाटी पुढे येते. सगळ्यात फसवा उसाचा रस. गोड खातोय असं वाटतच नाही, पण एका ग्लासात सहा-सात चमचे तरी साखर असते आणि ती पातळ असल्याने थांबत नाही, सरळ खाली. "गूळ नैसर्गिक असतो" हे तुमच्या आतड्याला कळत नाही. ऑपरेशनला वर्ष झाल्यावर कुंदा अर्धा चमचा, जेवणाच्या शेवटी, डाळ-अंडं पोटात गेल्यावर, एवढं पुष्कळांना सोसतं. रिकाम्या पोटी नाही.

लवकरचं डम्पिंग झालं तर आडवे पडा, अर्ध्या तासात ओसरतं. नंतर घोट घोट पाणी. दुसऱ्या प्रकारात घरातलं ग्लुकोमीटर लावा; 70 च्या खाली असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पाव तासाने पुन्हा तपासा, आणि साखर वर आली की लगेच प्रोटीनचं काहीतरी खा: उकडलेलं अंडं, पनीर, मूठभर नीट चावलेले शेंगदाणे. नुसती साखर घेऊन झोपलात तर तोच फेरा पुन्हा होतो. साखर 54 च्या खाली गेली पण माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी लगेच द्या आणि दवाखान्यात न्या; बेशुद्ध पडला तर तोंडात काही कोंबू नका, थेट दवाखान्यात न्या. आधीपासून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ऑपरेशननंतर त्यांचा डोस बदलावा लागतो, जुन्या चिठ्ठीवर औषधं आणत राहू नका.

उपवासाचंही इथेच सांगते. संकष्टीला दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या डम्पिंगला आवतण. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि चिकटही. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट दर तीन तासांनी. आपल्याकडे जैन कुटुंबं पुष्कळ आहेत आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे पेशंट येतात. त्यांनी पहाटे उजाडल्यापासून पाण्याचा हिशेब सुरू करावा, आणि पहिले सहा महिने तरी या नियमातून सूट घेता येईल का ते घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून बघावं.

7. जळजळ

स्लीव्हवाल्यांची ही नेहमीची तक्रार. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट. जास्तीच्या उशीने नुसती मान वाकते. डाव्या कुशीवर झोपा. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी सकाळी काही खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवल्यावर घेऊन उपयोग कमी. सर्जनने सांगितले तितके महिने ती घ्या, "आता बरं वाटतंय" म्हणून सोडू नका. गोळी घेऊनही कडू पाणी घशाशी येत असेल, रात्री ठसका लागून जाग येत असेल, तर फोन करा.

8. मिशरी

"तंबाखू खाता का?" "नाही हो, तसलं काही नाही." "मिशरी लावता का?" "ती लावते की, सकाळी आणि दुपारी जेवल्यावर."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पहिला प्रश्न विचारतच नाही. निपाणी पट्टा तंबाखूचा. घरात मिशरीची डबी असणं म्हणजे मिठाची बरणी असण्याइतकं साधं. मामी-आत्तींना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. पण भाजलेली तंबाखू हिरडीला लावली की निकोटिन रक्तात जातंच, आणि तंबाखूने बायपासच्या जोडाजवळ अल्सर व्हायची शक्यता वाढते. खाल्लं की वरच्या पोटात जळून दुखणं, मळमळ, कधी रक्त. अल्सर बरा करणारी औषधं चालू असताना मिशरी चालू असेल तर तो बरा व्हायला फार वेळ लागतो. डॉक्टरांना खरं सांगा. सुनेसमोर लाज वाटत असेल तर एकटं भेटून सांगा. सोडताना डोकं दुखतं, शौचाला होत नाही असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांत ते बरंचसं निवळतं. गुटखा, विडी, सिगारेट यांनाही हेच लागू. दारू बायपासनंतर फार लवकर आणि फार जास्त चढते; "पूर्वीइतकीच" घेतलेली पूर्वीइतकी राहत नाही.

9. शौचाला न होणं, जुलाब आणि वारा

सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी एकदा होणं नवल नाही, पोटात जातंच किती? पण खडा होऊन त्रास व्हायला लागला तर आधी पाणी मोजा, मग चालणं. आयर्नच्या गोळ्याही यात भर घालतात. त्या बंद करू नका, प्रकार बदलून मिळतो. इसबगोल पहिल्या महिन्यात नको, कमी पाण्यात त्याचा पोटात गोळा होतो. एरंडेलाचा घरगुती डोस तर कधीच नको. लॅक्टुलोजसारखं औषध डॉक्टर देतात, ते पुरतं.

जुलाब लागले तर आठवून बघा: दूध प्यायल्यावर होतात का? ऑपरेशननंतर पुष्कळांना दुधातली साखर सोसेनाशी होते. तेव्हा दही-ताक चालतं का बघा. "शुगर-फ्री" लिहिलेली मिठाई आणि चॉकलेटं यांतल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलनेही पोट सुटतं, हे दुकानदार सांगत नाही. तेलकट, पाण्यावर तरंगणारं, फार वास मारणारं शौच म्हणजे तेल-तूप पचत नाहीये. तळण कमी करा, आणि मिनी बायपास झाला असेल तर हे सर्जनला सांगाच. ताप, रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा दोन दिवसांवर गेलेले जुलाब घरी ठेवू नका.

वाऱ्याचा वास हा विषय कोणी काढत नाही आणि छळतो मात्र सगळ्यांना. भराभर खाताना गिळलेली हवा, दूध, कांदा, कोबी, सालासकट कडधान्यं ही नेहमीची कारणं. मोडाची मटकी-हरभरा तीन महिने पुढे ढकला, सोललेल्या मुगावर भागवा. हे करूनही पोट टम्म फुगत असेल तर लहान आतड्यात जंतू वाढलेले असू शकतात, त्याला औषध आहे.

उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, तेलकट खाल्ल्यावर जास्त, तर ते पित्ताचे खडे असू शकतात. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात, म्हणून पुष्कळ डॉक्टर पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. महाग वाटल्या म्हणून मधेच सोडणारे बरेच आहेत. खड्यांच्या ऑपरेशनचा खर्च जास्त आहे.

10. पंगत, आग्रह आणि प्रवास

"एवढंच? आजारी पडशील गं, अजून एक घे की!" या वाक्याला उत्तर तयार ठेवा. "डॉक्टरांनी नाही म्हटलंय" याने काकी थांबत नाहीत. "आत्ताच जेवून आले, ताक द्या थोडं" याने थांबतात. पंगतीत बसायचंच झालं तर घरून अंडं किंवा पनीर खाऊन जा, पानात वरण आणि भाजी घ्या, जिलेबीच्या वेळी हात पानावर आडवा धरा.

तपासणीला बेळगावहून पुण्याला जाताना साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आहे. पाण्याची बाटली हातात, पिशवीत पावडरीचा डबा, उकडलेली अंडी, कडक भाकरीचा चुरा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, पायात गुठळी होऊ नये म्हणून. तवंदी घाटातली वळणं लागतात त्यांनी निघण्याआधी तासभर काही खाऊ नये.

रक्ताच्या तपासण्या साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दर वर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, डी, कॅल्शियम, प्रोटीन. त्या निपाणीत किंवा बेळगावात करून रिपोर्ट फोनवर पाठवता येतात का ते सर्जनला विचारा, एक खेप वाचते. गोळ्या जन्मभराच्या आहेत. कॅल्शियम आणि आयर्न एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपातलं मागा, ते कमी ॲसिडमध्येही अंगी लागतं.

आणि एक वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती मिनिटांनी, कसला, किती वेळ. "कधी कधी उलटी होते" यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. "मंगळवारी रात्री चपातीच्या तिसऱ्या घासाला, फेसाळ, पंधरा मिनिटांत थांबली, गुरुवारी घट्ट डाळही उतरली नाही" असं लिहिलेलं असेल तर दुर्बीण घालायची की नाही, हे ते फोनवरसुद्धा सांगू शकतात.